पन्नास हजारांचा उंबरठा

श्रीनिवास लोहगावकर पडले ते नळाला पाणी आलं म्हणून. त्या दुष्काळी उन्हाळ्यात पुंडलिकनगरात पाणी सातव्या दिवशी यायचं, आणि पाण्याच्या दिवशी गल्लीतलं कुणी लग्नाला, बारशाला किंवा तेराव्यालाही जात नसे. "त्या दिवशी आमचं पाणी आहे," एवढं सांगितलं की समोरच्याला राग यायच्या ऐवजी स्वतःच्या पाण्याची आठवण व्हायची आणि विषय मिटायचा.

नळाला थेट मोटर लावणं हा गुन्हा आहे. महापालिकेचं पथक येतं, मोटर जप्त करतं, वर दंड करतं. तरीही गल्लीत मोटर नसलेलं घर नव्हतं. शेजाऱ्यानं मोटर लावली की आपल्या नळातून फक्त हवा येते, आणि हवेवर संसार चालत नाही. लोहगावकरांची मोटर जुनी होती. तिला कामाला लावण्याची एक खास रीत होती. पाइप अंगठ्यानं दाबून धरायचा, मोटरच्या पाठीत एक धपाटा घालायचा आणि तिचा सूर बदलला की अंगठा काढायचा. ही विद्या त्यांनी बायकोला मुद्दामच शिकवली नव्हती, त्यामुळे आठवड्यातून एक दिवस तरी घरात त्यांना मान असे. त्या सकाळी धपाटा बसला, मोटरनं सूर बदलला, आणि ओल्या फरशीवरून पाय सटकून लोहगावकर उजव्या हातावर आपटले.

"मोटर बंद करू नकोस!" हे त्यांचे जमिनीवरून निघालेले पहिले शब्द.

सरोजिनीबाईंनी ती बंद केली नाही. हौद भरला, गच्चीवरची टाकी भरली, पिंपं भरली, कळशा भरल्या, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा भरून घेतलं, आणि मग त्या नवऱ्याकडे वळल्या. तोवर लोहगावकरांचं मनगट टम्म सुजलं होतं.

जालना रोडवरच्या एका चकचकीत हॉस्पिटलात डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. "प्लेट टाकावी लागेल. आधी सूज उतरू द्या, पाच-सहा दिवसांनी ऑपरेशन करू. चाळीस हजारांपर्यंत खर्च धरून चला."

"धरा की," सरोजिनीबाई उदार मनानं म्हणाल्या. "यांच्याकडे कंपनीचं पाच लाखांचं कार्ड आहे."

लोहगावकर एक्स-रे निरखू लागले. ते कार्ड कंपनीत त्यांनीच आणलं होतं, त्यामुळे ते काय आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

लोहगावकर हे पैठण रोडला, बिडकीनच्या अलीकडे, पाण्याच्या प्लास्टिकच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात प्रशासन व्यवस्थापक होते. दुष्काळानं सगळ्या मराठवाड्याच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. या कारखान्याला मात्र सुगी आली होती. शहर चारी बाजूंनी वाढत होतं, नव्या कॉलन्यांत नळ नव्हते, आणि नळ नसलेल्या माणसाला टाकी आधी लागते. तीन पाळ्यांत काम चालायचं. मालकांनी खूश होऊन कामगारांचे पगार वाढवले. त्यातले बरेचजण एकवीस हजारांच्या वर गेले, म्हणजे ईएसआयच्या सरकारी दवाखान्याच्या मर्यादेबाहेर गेले. त्यांच्यासाठी नवा विमा शोधायचं काम लोहगावकरांकडे आलं आणि त्यांनी तो शोधला. अर्ध्या हप्त्यात पाच लाखांचा विमा. अट एकच. आजारपणाचे पहिले पन्नास हजार आजारी माणसानं स्वतःच्या खिशातून घालायचे, त्यावर जो खर्च होईल तो विमा कंपनी देणार. साहेबापासून हमालापर्यंत सगळ्यांना हीच अट. या समानतेचा लोहगावकरांना फार अभिमान होता. या पन्नास हजारांना इंग्रजीत एक लांबलचक नाव होतं. कामगारांनी त्याला 'उंबरठा' म्हणायला सुरुवात केली.

"मित्रांनो, सर्दी-खोकल्यासाठी विमा नसतो," लोहगावकरांनी सभा घेऊन समजावलं होतं. "विमा हा मोठ्या संकटासाठी असतो."

"आन् मधल्या संकटाला?" लोडिंगवरच्या सांडूनं मागून विचारलं होतं.

"मधलं संकट म्हणजे?"

"म्हंजे माणूस मरत बी नाय आन् धड उठत बी नाय, तसलं."

सगळे हसले होते. लोहगावकरही हसले होते. सांडू मात्र हसला नव्हता, कारण तो स्वतःबद्दल बोलत होता. टाक्या उचलून उचलून त्याच्या जांघेत हर्नियाचा गोळा आला होता. ऑपरेशनला खाजगीत पस्तीस-चाळीस हजार सांगितले होते, म्हणजे सगळे त्याचेच. पगार वाढला नसता तर हेच ऑपरेशन ईएसआयमध्ये फुकट झालं असतं. पगारवाढीचे पेढे त्यानंच आधी सगळ्या खात्याला वाटले होते. तो घाटीच्या, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या सरकारी दवाखान्यात जायला निघाला, तर बायको आडवी आली. कडूबाईनं ते पाच लाखांचं कार्ड वैजापूरला नेऊन आपल्या भावांना दाखवलं होतं.

"पाच लाखांचं कार्ड खिशात घालून घाटीत जाता व्हय?" ती म्हणाली. "माझे भाऊ इचारतील, कार्ड खोटं हाय का म्हणून."

म्हणून सांडू कमरेला पट्टा आवळून टाक्या उचलत होता. एप्रिलमध्ये विम्याचं नूतनीकरण होतं. तेव्हा उंबरठा तेवढा खाली आणा, अशी विनंती त्यानं लोहगावकरांना केली होती. लोहगावकर "बघू" म्हणाले होते. ऑफिसात 'बघू' म्हणजे बघणार नाही. त्याच आठवड्यात त्यांनी मालकांना अहवाल दिला होता की वर्षभरात विम्याचा एकही दावा आलेला नाही, यावरून आपल्या कामगारांचं आरोग्य उत्तम आहे.

हे सगळं हॉस्पिटलच्या बाकावर बसून त्यांनी बायकोला थोडक्यात सांगितलं. अहवालाचं सांगितलं नाही.

"म्हणजे चाळीस आपलेच?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"आपलेच."

"आणि पन्नास झाले असते तर?"

"तरी आपलेच."

"साठ झाले तर?"

"वरचे दहा ते देणार."

सरोजिनीबाई बोटांवर हिशेब करू लागल्या. साडीच्या सेलमध्ये 'दोनवर एक' अशी पाटी दिसली की त्यांचा चेहरा असा व्हायचा. "मग चाळीसवर थांबायचं कशाला?"

"अगं, आजार चाळीसचाच आहे."

"आजार असेल चाळीसचा. पण आलोच आहोत तर सगळं बघून घेऊ की. बावन्न वर्षांचे झालात, कधी हृदय दाखवलंय का कुणाला? पन्नासच्या वर सगळं फुकट आहे, अहो!"

हे गणित चुकीचं आहे हे लोहगावकरांना कळत होतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांना गणितं समजावलेल्या माणसाला स्वतःच्या बायकोपुढे ते मांडता आलं नाही. शिवाय मनगट ठणकत होतं. सरोजिनीबाई हॉस्पिटलच्या विमा-खिडकीवर गेल्या. तिथं विशाखा नावाची चटपटीत मुलगी बसायची.

"डिलक्स खोली आहे का?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"आहे ना मॅडम. एसी, टीव्ही, सोफा."

"द्या. आणि हृदयाच्या तपासण्या असतील त्या. यकृताच्या. यांना जेवणानंतर ढेकरा फार येतात, त्याचं काही असतं का?"

"पोटात कॅमेरा घालून बघतात मॅडम."

"घाला."

विशाखानं अर्ज भरायला घेतला. अपघात कसा झाला, असा एक रकाना होता. मोटरचं नाव काढणं शक्यच नव्हतं. लोहगावकर घाईघाईनं म्हणाले, "बाथरूममध्ये पाय घसरून." विशाखानं तसं लिहिलं.

ठरल्या दिवशी लोहगावकर डिलक्स खोलीत दाखल झाले. मनगटात प्लेट बसली. हृदय बघून झालं, ते ठणठणीत निघालं. यकृत चांगलं निघालं. पोटात कॅमेरा जाऊन आला, तिथंही काही सापडलं नाही. एवढा खर्च करून नवऱ्यात एकही खोट निघू नये याचं सरोजिनीबाईंना थोडं वाईटच वाटलं. बिल मात्र ऐंशी हजारांच्या पुढे गेलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. तीस हजारांचा फायदा झाला, असं त्यांनी पुण्याला केयूरला, म्हणजे मुलाला, फोन करून सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सांडू साहेबांना बघायला आला. दाराशीच चपला काढून तो गार फरशीवर उभा राहिला. एसी, टीव्ही, सोफा, सगळं त्यानं एकेक करून बघितलं.

"साहेब, हे समदं कार्डावर?" त्यानं हळूच विचारलं.

"उंबरठ्याच्या वरचं कार्डावर," लोहगावकर म्हणाले.

"म्हंजे एकदा उंबरठा वलांडला की आत एवढं असतंय," सांडू म्हणाला. त्याच्या आवाजात कुठलाही टोमणा नव्हता, म्हणूनच लोहगावकरांना ते जास्त लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. सरोजिनीबाई घरून बोलत होत्या. "अहो, लाइनमन व्हॉल्व्ह फिरवून गेला! पाणी आलंय!"

"मग भर की."

"मोटर नुसतीच घुमतेय, ओढत नाही. मी तीन धपाटे घातले. शेजारच्यांनी दोन घातले. आता केयूर काय पुण्याहून फोनवर धपाटा घालणार? दोन तास पाणी आहे, मग पुढचे सात दिवस काय करायचं ते सांगा!"

लोहगावकर पलंगावरून उतरले. घर रिक्षानं दहा मिनिटांवर. जायचं, डाव्या हातानं धपाटा घालायचा, यायचं. पण विशाखानं बजावलं होतं की विमा कंपनीचा माणूस पडताळणीला कधीही येऊ शकतो, पेशंट पलंगावर दिसला पाहिजे. त्यांनी सांडूकडे बघितलं.

"सांडू, जरा वेळ इथं आडवा पडतोस का?"

"मी? हितं?"

"चादर गळ्यापर्यंत ओढून घे. कुणी आलं आणि लोहगावकर का म्हणून विचारलं, तर हो म्हण. आणि जास्त बोलू नको."

लोहगावकर जिन्यानं खाली गेले तेव्हा नर्सनं त्यांना बघितलं. "कुठं चाललात काका?" "पाणी आलंय," ते म्हणाले. "मग पळा," नर्स म्हणाली. तिच्याकडेही पाणी सातव्याच दिवशी येत होतं.

सांडू पलंगावर पडला. पट्टा सैल केला. कित्येक महिन्यांत त्याच्या पाठीला एवढी मऊ गादी लागली नव्हती, त्यामुळे तो डोळे मिटून पडून राहिला. इतक्यात दार वाजलं आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण आत आला. तो विमा कंपनीचा माणूस होता, पुण्याहून आला होता.

"श्रीनिवास लोहगावकर?"

"व्हय," सांडू म्हणाला, आणि साहेब माणूस आला म्हणून उठून बसत त्यानं दोन्ही हात जोडले.

तरुणानं जोडलेले हात बघितले. कागदावर काहीतरी लिहिलं. मग खुर्ची ओढून अगदी आपुलकीनं विचारलं, "काय त्रास होतोय तुम्हाला?"

विम्याच्या माणसानं सांडूला आजवर हा प्रश्न कधी विचारला नव्हता. विम्याच्या कशाला, कुणीच विचारला नव्हता. डॉक्टरनं किंमत सांगितली होती, बायकोनं भावांचं सांगितलं होतं, साहेब 'बघू' म्हणाले होते. त्याला भरून आलं. जास्त बोलू नको हे साहेबांचं सांगणं तो साफ विसरला.

"लई त्रास हाय साहेब," तो म्हणाला. "हितं जांघेत गोळा येतोय. वझं उचललं की भाईर येतो, पडलं की आत जातो. रातीला कूस बदलता येत नाय."

"कधीपासून?"

"सव्वा वर्ष झालं."

"आणि हाताला काय झालंय?"

"हाताला?" सांडूनं दोन्ही हात पुढे करून बघितले. "हाताला काय बी नाय. हात लई चांगले हायत. हातावरच तर पोट हाय."

"तुम्ही बाथरूममध्ये घसरलात असं लिहिलंय. त्या दिवशी पाणी होतं का घरात?"

"कुठलं पाणी साहेब? आमच्याकडं पंधरा दिसाला टँकर येतो. घसरण्याइतकं पाणी असतं तर आंघोळ नसती का केली!"

तरुणानं मान डोलावली, सगळं लिहून घेतलं आणि काळजी घ्या म्हणून निघून गेला.

तासाभरानं लोहगावकर परत आले. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, पण चेहऱ्यावर समाधान. डाव्या हाताचा धपाटाही मोटरला चालला होता.

"साहेब, विम्याचा मानूस येऊन गेला," सांडू पलंगावरून उतरत म्हणाला. "लई भला मानूस. समदं इचारलं."

"तू काय सांगितलंस?" लोहगावकरांनी विचारलं.

"खरं ते सांगितलं," सांडू म्हणाला.

विमा कंपनीचं उत्तर मार्च संपायच्या आत आलं. दावा नामंजूर. कारणं तीन होती. एक, रुग्णाच्या दोन्ही हातांना कसलीही इजा आढळली नाही. दोन, रुग्णाने हर्नियाचा जुना आजार लपवून ठेवला. तीन, रुग्णाच्या घरी घसरण्यापुरते पाणी उपलब्ध नव्हते.

लोहगावकर प्लास्टर घातलेला हात घेऊन विशाखाच्या खिडकीशी गेले. "हे बघ! हा हात मोडलेला नाही?"

"दिसतोय ना सर. तुम्ही अपील करा," विशाखा म्हणाली. "पलंगावर दुसरा माणूस होता एवढं लिहून द्या. आणि त्या वेळी तुम्ही कुठे होतात, कशासाठी गेला होतात, ते लिहा."

लोहगावकरांनी पेन हातात घेतलं. बेकायदा मोटर, कामगाराला पलंगावर झोपवणं, अर्जात खोटं कारण. खरं लिहिलं तर हाताचं राहूच दे, नोकरीच मोडायची वेळ आली असती. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ऐंशी हजार भरले. चाळीसच्या आजाराला ऐंशी! त्या दिवसापासून सरोजिनीबाईंनी 'फुकट' हा शब्द घरात उच्चारला नाही, आणि लोहगावकरांनी तो त्यांना आठवूनही दिला नाही. त्यांना स्वतःचाच जास्त राग आला होता.

रागाच्या भरात ते मालकांच्या केबिनमध्ये गेले. मालक म्हणजे हिमांशू सर, वय तेहतीस, परदेशात शिकून आलेले. माणूस मनानं चांगला, पण दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची सवय नव्हती.

"सर, हा उंबरठा काढायला हवा," लोहगावकर म्हणाले.

"पण तुमच्या रिपोर्टमध्ये तर एकही क्लेम नाही. सगळे हेल्दी आहेत."

"हेल्दी नाहीत सर. आजारी पडून गप्प बसतात. पन्नास हजार कुणाकडे आहेत? माझेच ऐंशी गेले—"

"तुमचे ऐंशी गेले?" हिमांशू सर खुर्चीतून उठले. "एका सीनियर माणसाचे? हे बरोबर नाही. मी बघतो."

हिमांशू सरांचं 'बघतो' म्हणजे खरंच बघतो. एप्रिलमध्ये नवा विमा आला. अधिकाऱ्यांसाठी उंबरठा साफ काढून टाकला होता. पहिल्या रुपयापासून विमा कंपनी देणार. त्यामुळे वाढलेला हप्ता भरून काढण्यासाठी कामगारांचा उंबरठा पन्नासवरून पंच्याहत्तर हजारांवर नेला होता. "त्यांचे क्लेम तसेही येत नाहीत," हिमांशू सर म्हणाले. "तुमच्याच रिपोर्टमध्ये आहे."

लोहगावकरांना बोलायचं होतं. पण उंबरठा नसलेलं नवं कार्ड त्यांनी खिशात घातलं आणि कामगारांची सभा घ्यायला गेले. याबद्दल त्यांचं कौतुक करण्याचं काही कारण नाही.

सभा संपल्यावर सांडू मागे थांबला. "साहेब, पंच्याहत्तर हजारांचं दुखणं म्या कुठून आणू?" तो म्हणाला. त्याचा चेहरा ओढलेला होता. "एक इचारू का? माझा पगार कमी करता येतो का?"

"काय?"

"दीड हजारानं. एकवीसच्या खाली आणा. म्हंजे मी परत ईएसआयत. आपरेशन करून घेतो, मग वाढवा नायतर नका वाढवू."

बावीस वर्षांच्या नोकरीत लोहगावकरांनी पगार वाढवा म्हणून रडणारी, भांडणारी, पाया पडणारी माणसं बघितली होती. कमी करा म्हणून हात जोडणारा माणूस ते पहिल्यांदाच बघत होते. आणि हे हात चांगले आहेत म्हणूनच तर आपला दावा गेला, हे आठवूनही त्यांना राग आला नाही. त्यांना लाज वाटली. ते तडक केबिनमध्ये गेले. 'बघू' म्हणायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"सर, लोडिंगचा सांडू म्हणतोय, त्याचा पगार दीड हजारानं कमी करा."

हिमांशू सर लॅपटॉपवर प्लास्टिकच्या दाण्यांचे चढते भाव बघत होते. त्यांनी मान वर केली. "तो स्वतः म्हणतोय?"

"हो सर. कारण असं आहे की—"

"कारण सांगू नका," हिमांशू सर म्हणाले. त्यांनी लॅपटॉप मिटला. "मला कळलं. कच्चा माल महागलाय, कंपनी अडचणीत येईल, हे त्या माणसाला कळतं. त्याला जे कळतं ते माझ्या डायरेक्टरांना कळत नाही, लोहगावकर!"

"नाही सर, तसं नाही, ईएसआय—"

"तुम्ही काही करू नका. मी करतो."

लोहगावकरांनी त्यानंतर दोनदा केबिनचं दार वाजवलं. एकदा सर मीटिंगमध्ये होते, एकदा सर मुंबईला होते. एक मेला कारखान्यात झेंडावंदन झालं, मंडपात खुर्च्या मांडल्या गेल्या, आणि ध्वनिक्षेपकावरून सांडूचं नाव पुकारलं गेलं. कडूबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. शेजारी वैजापूरचे दोन्ही भाऊ होते.

"आज पगारवाढ मागणारे खूप आहेत," हिमांशू सर माइकवर म्हणाले. "पण कंपनीसाठी स्वतःचा पगार कमी करा म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय. अशा माणसाचा पगार कमी करायचा? मी त्याला दोन हजारांची वाढ जाहीर करतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सांडूच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. त्यानं लोहगावकरांकडे असं बघितलं की त्यांनी मंडपाच्या छताकडे नजर वळवली.

"सांडू, चार शब्द बोल," सर म्हणाले.

सांडूनं माइक धरला. "मालकांनी लई मोठा मान केला," तो म्हणाला. "पर मला वाढ नको. हात जोडून सांगतो, मला खरंच नको."

हिमांशू सरांचे डोळे पाणावले. त्यांनी माइक ओढून घेतला. "ऐकलंत? अजूनही नको म्हणतोय! तीन हजार!"

कडूबाईच्या भावांनी शिट्ट्या मारल्या. सांडू कासावीस झाला. "अहो मालक, नको म्हणतोय ना मी! हाय त्यातलंच कमी—"

"चार हजार!"

लोहगावकर खुर्चीतून उठले, प्लास्टर सांभाळत मंचावर चढले आणि डाव्या हातानं सांडूला माइकपासून ओढून बाजूला घेतलं. "गप बस," ते त्याच्या कानात म्हणाले. "अजून एकदा नको म्हणालास तर अधिकारी होशील."

सांडूनं खाली पहिल्या रांगेकडे बघितलं. कडूबाई पदरानं डोळे पुसत होती आणि भाऊ तिच्याकडे मोठ्या मानानं बघत होते.

"अधिकारी झालो तर उंबरठा जातो का साहेब?" त्यानं हळूच विचारलं.

लोहगावकरांनी त्याच्या खांद्यावरची शाल सारखी केली. उत्तर 'हो' असं होतं, आणि सांडू अधिकारी होणार नव्हता.

"मग घाटीतच जातो," सांडू म्हणाला. "भाऊ काय म्हणायचं ते म्हणू देत. तिथं कुणी पगार तर इचारत नाय."

"उद्या सकाळी जाऊ," लोहगावकर म्हणाले. "मी येतो बरोबर. रांगेत मी उभा राहतो, तू बाकावर बस."

मंचावर फोटो काढण्यासाठी सर दोघांना हाक मारत होते. फोटोत सर मधोमध हसत आहेत, एका बाजूला प्लास्टर आहे आणि दुसऱ्या बाजूला शाल. कारखान्याच्या भिंतीवर तो अजून लावलेला आहे. त्याखाली 'आमचे निरोगी कुटुंब' असं लिहिलंय.